हर्णेकरबुवांचा वन्स मोअर

मला माणसांच्या तोंडांची किळस येते. शेजारी कुणी मचमच करत जेवायला लागला की मी ताट उचलून दुसरीकडे जातो. उल्का, माझी बायको, याला माझं सोवळं म्हणते. बहारीनमध्ये, मनामातल्या एका बँकेत मी ऑडिटर आहे, भुताखेतांशी माझा संबंध नाही. हर्णेकरबुवांच्या फिल्मची मला पहिल्याच दिवशी शिसारी आली, ती निव्वळ त्यांच्या तोंडामुळे.

ती फिल्म कश्मिराने आणली. कश्मिरा अमवाज आयलंड्सवर आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते आणि अनंतबुवा हर्णेकर तिचे पणजोबा. बुवा संगीत नाटकांत नायिकेची कामं करायचे. एकेका पदाला इतके वन्स मोअर पडायचे की नाटक उजाडेपर्यंत चालायचं. ऐन भरात त्यांचा आवाज गेला. मग ते मूकपटांत शिरले आणि तिथेही नऊवारी नेसून नायिकाच झाले. पण प्रेक्षक जुनेच. पडद्यावर बुवांचे ओठ हलले की ते सवयीने वन्स मोअर ओरडायचे. शेवटी थिएटरवाले पडद्याशेजारी एक गाणारी बाई बसवू लागले. बुवांनी ओठ हलवायचे, तिने गायचं, आणि वन्स मोअर आला की रीळ मागे घेऊन पुन्हा तेच.

"त्या बायका टिकायच्या नाहीत म्हणे," कश्मिरा हसत म्हणाली. "सारखी नवी शोधावी लागायची. मग बोलपट आले आणि बुवांचं करिअर खलास."

आमच्या इथल्या मराठी मंडळाला ही कल्पना फारच आवडली. शुक्रवारी दुपारी झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये कार्यक्रम, पडद्यावर बुवा आणि शेजारी बसून गाणार उल्का. बहारीनला येताना उल्काने नोकरी सोडली होती, गाणं मात्र सोडलं नव्हतं. "गाते म्हणून इथे मला चार लोक ओळखतात, शैलेंद्र," ती म्हणायची. "नाहीतर मी नुसती तुझ्या व्हिसावरची बाई."

ती टीव्हीवर फिल्म लावून रियाज करू लागली. बुवा राणीच्या वेषात झोपाळ्यावर बसलेले, आणि मग कॅमेरा थेट त्यांच्या तोंडाजवळ. विड्याने काळे पडलेले दात, सुटलेल्या हिरड्या, दोन ओठांमध्ये ताणली जाणारी लाळेची तार. मी पाठ करून जेवायचो. तरी कानावर यायचं ते उल्काचं गाणं, आणि ते ऐकताना घास तोंडात फिरायला लागायचा.

"किती छान जमतंय ना?" ती म्हणाली. "आधी मी त्यांच्या ओठांमागे धावायचे. आता तेच माझ्या मागे येतात."

"फिल्म आहे ती. ती कुणाच्या मागे येत नाही."

"मग बघ ना तू."

मी बघितलं. तिने मध्येच ताल सोडून एक लांबलचक तान घेतली. बुवांचं तोंड ती संपेपर्यंत उघडं राहिलं.

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. पण हळूहळू हॉलमध्ये वास येऊ लागला, शिळ्या तंबाखूचा आणि न धुतलेल्या तोंडाचा. मी सोफा ओढून पुसला, एसीचे फिल्टर धुतले, वास जाईना. उल्का सकाळी बेसिनपाशी खाकरत उभी राहायची आणि मी चहाचा कप उचलून बाल्कनीत जायचो. तिचा वरचा सा फाटू लागला होता. आणि पडद्यावर बुवांचे गाल, जे मला पहिल्यांदा खप्पड वाटले होते, ते भरलेले दिसत होते. चांगल्या घरी जेवायला राहिलेल्या पाहुण्यासारखे.

"रद्द कर," मी म्हणालो.

"घसा आहे, बसतो. एवढ्यावरून मी लोकांसमोर माघार घेऊ?"

साऊंड सिस्टीम इक्बालची होती. तो मूळचा रत्नागिरीचा, राहतो अरादला. कार्यक्रमाआधी त्याने मला बाजूला बोलावलं.

"शैलेंद्रभाई, या फाइलमध्ये आवाजच नाही. ऑडिओ मफी. मग लावली की आवाजाचा मीटर का हलतो?"

"केबल खराब असेल."

"बदलली ना मी केबल," तो म्हणाला.

दुपारचं बुफे जेवून मंडळी तृप्त बसली होती. काहीजण अजून दात कोरत होते. उल्का गायला लागली आणि सगळे सावरून बसले. बसलेला घसा कुठेच जाणवेना. पद संपलं तसा मागून पहिला वन्स मोअर आला. इक्बालने फिल्म मागे घेतली. ती पुन्हा गायली. पुन्हा वन्स मोअर. मौजच वाटत होती लोकांना, शंभर वर्षांपूर्वीचं थिएटर झालं होतं.

तिसऱ्या वेळी तिचा हात गळ्याकडे गेला. ती थांबली आणि तिने पाण्याचा ग्लास उचलला.

ती पाणी पीत होती.

गाणं चालूच होतं.

आवाज तिचाच होता. मी बारा वर्षं ऐकलेला, वरच्या सा वर किंचित थरथरणारा.

मी इक्बालकडे बघितलं. त्याने आवाजाचे सगळे फेडर शून्यापर्यंत खाली ओढले होते. दोन्ही हात वर धरून तो मागे सरकला होता.

पडद्यावर ते तोंड ओलं होऊन चमकत होतं. लोक टाळ्या वाजवत होते.

फिल्म संपली. उल्का माझ्याकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. नुसते ओठ हलले. तिच्या उघड्या तोंडात मला दिसलं, जीभ धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखी कोरडी होती.

डॉक्टर म्हणतात स्वरयंत्रात काहीही दोष नाही, इंशाल्ला येईल आवाज. कश्मिराने फाइल पुसून टाकली आणि आमच्या दारात बसून रडली. मला तिचाही संताप येतो आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या हातांचा तर फारच. उल्का आता फोनवर लिहून बोलते. काल तिने लिहिलं, मला माझा आवाज ऐकायचाय.

तिचा गेल्या वर्षीचा एक व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये होता, बाजारातून केलेला. मी तो लावला. गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. पिशवी सळसळली. थोडी शांतता, मग भाजीवाला म्हणाला, "हां भाभी, ताजा है." पुन्हा शांतता, आणि तो हसला. तिने काहीतरी गमतीचं विचारलं असणार.

मी दुसरा लावला, मग त्याच्या आधीचा. सगळीकडे जग होतं, फक्त ती नव्हती. आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी, फोनच्या अगदी जवळ, कुणीतरी सावकाश ओठ चाटून आवंढा गिळत होतं.