थोडीथोडी झाकणं

त्याच्या नाकाला मेण लागलं होतं. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

भेटवस्तूंच्या दुकानात, माझ्या फळीसमोर तो उभा होता. उंच, जरासा वाकलेला. हातात मी केलेली मेणबत्ती, काचेच्या बरणीतली. त्यानं बरणीत इतकं खोल नाक घातलं होतं, की बाहेर आलं तेव्हा शेंड्यावर पांढरा ठिपका होता.

"कसला वास आहे हिला?"

"लिंबाची साल आणि देवदार."

"कुठे?"

"पेटवल्यावर येतो," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

"म्हणजे आधी लग्न, मग चेहरा बघायचा?"

गल्ल्यामागून दुकानवाली मावशी हसली. ती आईची मैत्रीण. "अगं, हा बरणीवाला. तुझ्या बरण्या याच्याच दुकानातून येतात. आणि मी तरी काय वेगळं सांगतेय? दुकानात मेणबत्ती पेटवून कोण बघतं? लोक हुंगतात आणि ठेवून देतात. तुझ्या आईच्या मेणबत्त्या दारातून हाक मारायच्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "थंडीपर्यंत बघते, बाळा. नाही खपल्या तर फळी साबणवाल्याला द्यावी लागेल."

आई उन्हाळ्यात गेली होती. तिचं पातेलं, तिची तेलं आणि ही फळी, एवढंच मी चालू ठेवलं होतं. मी खाली बघत बरण्या सरळ करत राहिले. त्या आधीच सरळ होत्या.

"बनवताना बघू का एकदा?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला मेणातलं काय कळतं?"

"काहीच नाही. पण नाक ताजं आहे. तुमचं दिवसभर त्याच वासात असतं… त्याला आता काय कळणार?"

"ताज्या नाकाला मेण लागलंय," मी म्हणाले. त्यानं घाईघाईनं नाक सोडून गाल पुसला.

रविवारी तो आला. छत्री दारात निथळत ठेवली आणि स्वयंपाकघरात येऊन हाताची घडी घालून उभा राहिला, परीक्षक असल्यासारखा. मेण वितळलं. मी तेलाची बाटली उचलली.

"इतक्या गरम मेणात?"

"का?"

"वाफ दिसतेय. तुमचा देवदार छताकडे निघालाय."

आम्ही थांबलो. पातेलं कोमट होईपर्यंत खिडकीतून पाऊस बघितला आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं. मग तेल घातलं. तो म्हणाला, सावकाश ढवळा. मी ढवळलं. नंतर लाकडी पट्टी त्याच्या हातात गेली, कशी ते आठवत नाही. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं आणि… तिथेच राहिलं.

"ढवळायला दोघं लागत नाहीत," मी म्हणाले.

"लागतात. एकानं ढवळायचं, एकानं चुका काढायच्या."

"चुका काढणारं कोण?"

"आलटून-पालटून."

त्या मेणबत्त्यांना वास आला. पण पुसटसा, शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसा. तो विचार करत घरभर फिरला आणि मग दिवाणखान्यात थबकला. खिडकीच्या कट्ट्यावर, पुस्तकांच्या पुढे, जिन्याच्या पायऱ्यांवर… सगळीकडे माझ्या मेणबत्त्या. सगळ्या उघड्या.

"झाकणं कुठायत?"

मी कट्ट्यावरची एक बरणी उगाच सरळ केली.

"वास मेणात मुरायला हवा ना? तुमच्या आई झाकून ठेवायच्या की नाही?"

"ठेवायची. आठवडेच्या आठवडे."

"मग?"

"तिचे कपडे कपाटात आहेत," मी म्हणाले, "पण त्यांना आता नुसता कपाटाचा वास येतो. घराला मात्र… दार उघडलं, की ती आत काम करतेय असं वाटतं. झाकणं मी देऊन टाकली."

वाईट वाटलं, काळ बरं करेल, असलं काही तो बोलला नाही. एक बरणी उचलून हातात फिरवत राहिला.

"म्हणजे वास आहे," तो हळूच म्हणाला. "पण सगळा घर पितंय. बरणीला काही उरतच नाही." मग माझ्याकडे न बघता, "फळी तरी जाईल, नाहीतर हे… ठरवायचं तुम्ही. मी फक्त झाकणं देऊ शकतो."

मी दोन दिवसांनी त्याला फोन केला. "आणा."

"तुमच्या मापाची मागवावी लागतील. येतील तशी आणतो."

ती थोडीथोडी येऊ लागली. कधी पाच, कधी चारच. दर खेपेला तो स्वतः आणायचा, चहा प्यायचा, एकेक झाकण घट्ट दाबून बसवायचा. "बरणीवाले, दुकान कोण बघतं?" मी विचारायची. "कुलूप," तो म्हणायचा.

घरातला वास दर खेपेला थोडा कमी व्हायचा. एका दुपारी मी बाहेरून आले, दार उघडलं आणि काहीच आलं नाही. मी चप्पल न काढता जिन्यावर बसून राहिले. खूप रडेन असं वाटलं होतं. थोडंच रडले. मग चहा ठेवला, आणि किती महिन्यांनी मला चहाचा वास आला.

थंडी पडली तेव्हा आम्ही दोघं खोके घेऊन दुकानात गेलो. मावशीनं एका बरणीचं झाकण उचललं आणि डोळे मिटले. तेवढ्यात दारावरून जाणारी एक बाई आत डोकावून म्हणाली, "काय छान वास येतोय हो! कशाचा?"

"साबणवाल्याला सांगते, जागा नाही म्हणून," मावशी म्हणाली आणि पदरानं नाक पुसू लागली.

बाहेर आलो. तो खिशात हात घालून बराच वेळ चालला.

"झाकणं संपली," तो म्हणाला.

"हो."

"एक सांगायचंय… ती सगळी एकदमच आली होती. पहिल्याच आठवड्यात."

"माहितीये. खोका तुझ्या काउंटरवर होता. बाहेरून दिसायचा."

तो थांबला. कान लाल. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर सगळी एकदम आणून दिली असतीस."

तो हसला. मग मी त्याचा हात खिशातून बाहेर काढला, माझ्या हातात घेतला आणि आम्ही घराच्या दिशेनं वळलो.