पानं फिरवणारी लेन्स

"ही माझी लेन्स नाही."

बाबांनी कॅमेरा टेबलावर ठेवला.

सून आपल्या लेकीला, ठमीला, कडेवर घेऊन खिडकीपाशी उभी होती. फोटो नुकताच काढून झाला होता. मागे अंगणातलं झाड, त्यातून झिरपणारं ऊन, आणि ठमी चक्क हसलेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं स्वच्छ आलं होतं. जरा जास्तच स्वच्छ. मागची पानं गुमान आपापल्या जागी बसली होती.

बाबांच्या फोटोत पानं कधी बसत नसत. मधे माणूस शांत, आणि त्याच्याभोवती पानं, दिवे, उन्हाचे ठिपके असे गरगरत, की बघणाऱ्याची नजर फिरून फिरून त्या चेहऱ्यावरच यायची. त्या एका जुन्या लेन्ससाठी लोक लांबून यायचे. एक आजी आपला फोटो बघून म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी बघितलंच नव्हतं हो."

"कुणीतरी बदलली," बाबा मुलाकडे रोखून बघत म्हणाले. "कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगायला नको."

सुनेच्या नवऱ्याचा चेहरा उतरला. गावातले दाताचे डॉक्टर ती लेन्स विकत घ्यायला मागे लागले होते, आणि 'देऊन टाका की' असं मध्यंतरी तोच बोलून बसला होता.

"बाबा, मी हातसुद्धा लावलेला नाही."

"ती लेन्स परत येईपर्यंत मला बाबा म्हणू नकोस."

सोमवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी त्यांना नातीचा फोटो काढायचा होता, घरातल्या प्रत्येक मुलाचा काढला होता त्याच लेन्सने. आता घरात कुणी कुणाशी बोलेना. सुनेला त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच: नवऱ्याने नाही म्हटल्यावरही तिने त्याच्या बॅगेत एकदा डोकावून पाहिलं होतं.

तिने मावशीला फोन केला.

मावशी कुणाचीच मावशी नव्हती. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात तिची सगळी नोकरी सरली आणि आता तिने घरावर खासगी तपासाची पाटी लावली होती. सोबतीला तिचा नवरा असायचा. त्याला सगळे काका म्हणत. काका पिशवी धरायचे आणि निष्कर्ष काढायचे.

पहिला निष्कर्ष त्यांनी चपला काढता काढताच काढला. "मोतीबिंदू! यांना सगळंच वेगळं दिसतंय. लेन्स बिचारी तीच आहे. चला, चहा होऊन जाऊ दे."

"मग मला का वेगळं दिसतंय?" सुनेने विचारलं. "माझे डोळे ठणठणीत आहेत."

काका चहाकडे वळले.

"लेन्सवर नंबर असेल ना?" मावशीने बाबांना विचारलं.

"समोरची अक्षरं चकाकतात म्हणून मीच त्यांच्यावर काळा रंग फासला होता. हिच्यावरही फासलाय. चोर हुशार आहे! पण एका ठिकाणी फसला. माझी लेन्स फिरवायला जड होती. ही बघा, लोण्यासारखी फिरते."

मावशीने लेन्सची कडी फिरवली आणि चक्क नाकाशी नेऊन हुंगली. "हं," एवढंच म्हणाली.

मग ती भिंतीवरचे फोटो बघत सुटली. सुनेला ती भिंत पाठ होती. सर्वांत जुन्या फोटोत सासूबाई, नव्या नवरीच्या वेषात, झाडाखाली. मागची पानं निवांत. शेजारच्या फोटोत रांगणारं बाळ, म्हणजे सुनेचा नवरा, हातात दुधाची बाटली, भोवती पानांची नुसती भिंगरी. मग नणंद, मग गावभरची मुलं. सगळ्यांभोवती तीच भिंगरी.

"हे उजेडाचे गोळे बघितलेत?" सून म्हणाली. "प्रत्येकाला खालच्या बाजूने एक चावा आहे. ठमी बिस्किट खाते ना, तसा. मी तिला सांगते, उंदराने खाल्लं."

मावशी थांबली. "प्रत्येकाला?"

"एकूण एक. सासूबाईंच्या मागचे गोळेसुद्धा बघा."

मावशीने कॅमेरा मागून घेतला आणि आज काढलेला ठमीचा फोटो मोठा करून पाहिला. सुनेनेही डोकावलं. झाडातून आलेल्या उजेडाचे गोळे होते. तिथेही उंदीर येऊन गेला होता.

"बघा!" काका म्हणाले. "चोराने चाव्यासकट नक्कल केली!"

"अहो, पिशवीचा बंद लोंबतोय, तेवढा कापा," मावशी म्हणाली.

सुनेने शिवणाच्या डब्यातली कात्री आणून दिली. काकांनी बराच वेळ झटापट केली.

"हिची टोकं वाकलीत," सून ओशाळून म्हणाली. "मी आले तेव्हापासून अशीच आहे. सासूबाईंची आठवण म्हणून टाकवत नाही."

दाताचे डॉक्टर दोन रोग्यांच्या मधे भेटले. चोरीचं नाव काढताच त्यांनी कपाट उघडून दाखवलं.

"त्याच कंपनीच्या, त्याच बनावटीच्या तीन लेन्स आहेत माझ्याकडे. एकही पानं फिरवत नाही! तेच झाड, तेच ऊन, सगळं करून पाहिलं. दात दुखत नसताना मी त्यांच्याकडे नुसती भिंत बघायला जातो हो. लेन्स चोरून काय करू? मला तर आता वाटायला लागलंय की ते सगळं त्यांच्या हातातच आहे."

"हाच चोर," बाहेर पडल्यावर काका म्हणाले. "फार गोड बोलतो."

"तुम्ही माझ्याशी लग्नाआधी बोलायचात, तितकाच," मावशी म्हणाली.

नणंद शेजारच्याच गल्लीत राहायची. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि एकच फ्रॉक पुन्हा पुन्हा उलगडून त्याची घडी घालत होती.

"ताई, तुम्ही कुणाला लेन्स घेताना पाहिलंत का?" सुनेने विचारलं.

"मी कशाला पाहू? गेल्या आठवड्यात येऊन गेले, त्यानंतर माहेरी पाऊल टाकलेलं नाही. फोनवर कळलं काय ते. बाबा म्हणतात ते खरंच असणार, दुसरं काय? आधीची आतून धुरकट होती, ही आरशासारखी लख्ख आहे. बदललेलीच आहे ती."

"भावाचं नाव घेतायत बाबा," मावशी म्हणाली.

नणंदेच्या हातातला फ्रॉक खाली पडला. "दादा असं करणार नाही," ती पुटपुटली.

रविवारी सकाळी मावशीने सगळ्यांना बाबांच्या खोलीत बसवलं. सोबत तिने कॅमेरा दुरुस्तीवाल्यालाही आणलं होतं. त्याला बघताच नणंदेने मान खाली घातली.

"चोरी झालेलीच नाही," मावशी म्हणाली. "ही तीच लेन्स आहे."

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो!" काका उठून उभे राहिले.

"कारण चुकीचं होतं. बसा."

ती भिंतीकडे वळली. "लेन्सच्या आत उजेड कमी-जास्त करणारी बारीक पाती असतात. या लेन्समधलं एक पातं वाकलंय, ते पूर्ण मागे सरकत नाही आणि उजेडात डोकावतं. म्हणून प्रत्येक गोळ्याला चावा. सर्वांत जुन्या फोटोतही तो आहे आणि ठमीच्या नव्या फोटोतही. दोन लेन्सची पाती एकाच जागी, एकसारखी वाकत नाहीत. मग जड कडी हलकी कशी झाली? तिला नव्या ग्रीसचा वास येत होता. म्हणजे कुणीतरी ती उघडून साफ केली. ताई, आठवडाभर माहेरी न येता तुम्हाला कसं कळलं, ती आतून लख्ख झालीय? मला तर बाबाही तसं म्हणाले नव्हते."

नणंदेला रडू फुटलं. "बाबा डोळे तपासायला गेले तेव्हा मीच या दुरुस्तीवाल्यांकडे नेली. ऑपरेशनच्या आधीचा फोटो, निदान काच तरी स्वच्छ असावी म्हणून. आणि मग बाबा म्हणाले, लेन्स बदलली! मला वाटलं, यांनीच बदलून दिली. रोज जाऊन यांच्याशी भांडतेय. ती परत मिळाली की सांगणार होते. दादा, कोणत्या तोंडाने सांगू रे तोवर?"

"आणि मी रोज सांगतोय," दुरुस्तीवाला वैतागून म्हणाला, "की पुढची काच कुणीतरी उलटी बसवली होती, ती मी सुलटी केली. तेवढं वाकडं पातं तुटेल म्हणून सोडलं. चूक सुधारली आणि चोर ठरलो!"

"म्हणजे ती पानं फिरायची..." काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"उलट्या काचेमुळे. डॉक्टरांच्या तिन्ही लेन्सची काच सुलटी आहे, म्हणून त्या मुकाट्याने वागतात," मावशी म्हणाली.

"पण मी ती जन्मात उघडली नाही," बाबा म्हणाले.

मावशीने शिवणाच्या डब्यातली कात्री टेबलावर ठेवली. "काच धरून ठेवणाऱ्या कडीला, ती फिरवून काढता यावी म्हणून, दोन खाचा असतात. काय दिसलं त्यांच्यावर?"

"जुने ओरखडे," दुरुस्तीवाल्याने कात्रीची वाकडी टोकं निरखली, मग ती खाचांवर टेकवून पाहिली. बरोबर बसली. "आणि कडेला एक वाळलेला पांढरा थर होता. मी बुरशी समजून पुसला. पण बुरशी अशी पापुद्र्यासारखी सुटत नाही, तेव्हाही मनात आलं होतं."

"आता फोटो बघा. लग्नातली पानं बसलेली. बाळ रांगायला लागलं, पानं फिरायला लागली. लेन्स उघडली गेली ती या दोन फोटोंच्या मधे. तो थर सांडलेल्या दुधाचा, तेवढा मात्र माझा अंदाज. पण घरात तेव्हा बाटली घेऊन हिंडणारा एकच माणूस होता."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुनेला हसू आलं.

आणि लगेच विरलं. तिच्या डोळ्यांसमोर सासूबाई उभ्या राहिल्या, तिच्याच वयाच्या. कडेवर चिकट हातांचं पोर, टेबलावर दुधाने माखलेली लेन्स, एक कान दाराकडे. कात्रीने कडी फिरवायची, पुसायचं, पुन्हा लावायचं. काच कोणत्या बाजूने होती ते आठवतंय कुणाला? आणि मग जन्मभर गप्प.

बाबांनी ती कात्री उचलून हातात घेतली.

"मला वाटायचं, बाप झालो आणि माझा हात बसला," ते म्हणाले. "सगळ्यांना तेच सांगत आलो. तीसुद्धा ऐकायची. हसायची नुसती."

"मग काच आता आहे तशी सुलटीच राहू दे ना?" दुरुस्तीवाल्याने हळूच विचारलं.

"तिने ठेवली होती तशी ठेवा." दुरुस्तीवाला आपलं हत्यार काढायला वाकला, तर बाबांनी कात्री पुढे केली. मग त्याने ती घेतली.

काच उलटून झाल्यावर सून ठमीला घेऊन खिडकीपाशी गेली. बाबांनी मुलाला हाक मारली.

"तूही उभा राहा. ताई, तूसुद्धा ये." त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. मुलाकडे बघायचं त्यांना जमत नव्हतं. "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? काहीतरी म्हण की मला."

"बाबा," नवरा म्हणाला, "हात थरथरतोय तुमचा."

"थरथरू दे. तुझी आई बघून घेईल."

पडद्यावर फोटो उमटला. चौघांच्या भोवती सगळं झाड गरगर फिरत होतं, आणि मधे ठमी, दोन दात दाखवत, जगात दुसरं कुणी नसल्यासारखी. सुनेने आधी उजेडाचे गोळे शोधले. उंदीर जागेवर होता.

बाबांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. ठमीने दुधाची बाटली उंचावून तिकडे झेप घेतली, आणि सुनेने घाईघाईने बाटली काढून घेतली.

"असू दे," बाबा म्हणाले.