दिव्याखालचा नारिंगी खडा

आमची धडक झाली ती टेबलाखाली. त्याच्या हातून खडा निसटला, तो वाकला, मीही वाकले... आणि कपाळाला कपाळ!

"सापडला!" कळवळत का होईना, तो म्हणाला. चिमटीत नारिंगी ठिपका. "असतं तरी काय हो यात, इतका रंग यायला?"

"अकीक आहे. लोखंडाचा गंज असतो यात."

"म्हणजे गंजलेल्यालाही भाव येतो?"

"खड्याला येतो. माणसाला नाही," मी म्हटलं, आणि त्या उदास लॅबमध्ये कितीतरी दिवसांनी हसले.

खड्यांना पैलू पाडणं हा त्याचा धंदा, खडे तपासणं ही माझी नोकरी. अंगाने अगदी काडी, म्हणून मी त्याला पैलवान म्हणायचे. तो येतच राहिला, आणि दर वेळी नारिंगीच खडा. एकदा गोमेद आणला.

"यात मँगनीज आणि लोखंड. आणि तुझ्या डोक्यात?"

"तू. तुला काय वाटलं, मला रसायनशास्त्राचा पुळका आलाय?"

आवडायचा मला, फार आवडायचा. पण माझं एक लग्न ठरून मोडलं होतं, असंच गोड बोलणाऱ्याशी. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून पीत होते.

त्या संध्याकाळी आभाळ नुसतं कोंदलं होतं. तो आला तो थेट माझ्यापाशी. टेबलावर अंगठी ठेवली. माणकाच्या जातीचा नारिंगी खडा, पैलू त्यानेच पाडलेले.

"मला परदेशात काम मिळालंय. उद्या निघायचंय," तो म्हणाला. "येशील... माझी बायको होऊन?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी बयेने काय करावं? अंगठी उचलली आणि प्रखर दिव्याखाली ठेवली!

"हे काय?"

"या जातीत काहींचा रंग उजेडाने उडतो. तासभर ठेवून बघतात."

"मी लग्नाचं विचारलंय गं."

"हो... पण बघू दे ना."

तो बसून राहिला. आम्ही दोघंही खड्याकडे बघत होतो. हळूहळू नारिंगी उतरत गेला, फिकट गुलाबी उरला.

"खोटा निघाला?" त्याने विचारलं.

"नाही रे, अस्सल आहे! गुलाबी क्रोमियमचा, तो पक्का. नारिंगीतला पिवळा तेवढा कच्चा होता. चालेल मला. मी येते... मला तू हवायस."

त्याने अंगठी खिशात टाकली.

"हे आधी म्हणाली असतीस तर—"

"आता म्हणतेय ना!"

"तासभर मीही त्याच दिव्याखाली बसलो होतो गं," तो म्हणाला. रागाने नाही, थकून. "उद्या कधी उशिरा घरी आलो, मला दिव्याखाली ठेवशील. उगाच हसलो, ठेवशील. रोज ठेवशील."

'नाही ठेवणार' म्हणायला मी तोंड उघडलं. पण खोटं बोलवेना.

तो जरा वेळ थांबला, माझ्या तोंडाकडे बघत. मग गेला.