पडली तर उचलणार कोण

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे दोन प्रकार असतात, हे तिचं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलीचं, अनुभवानं पक्कं झालेलं मत होतं. एक आरडाओरडा करणारे, आणि दुसरे, आपण मुळीच घाबरलो नाही हे बाहेरच्याला पटवत बसणारे. दुसऱ्यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

त्या दुपारी चौथ्या मजल्याच्या जरा खाली अडकलेला माणूस दुसऱ्या प्रकारातला निघाला.

"आत किती जण आहात?" तिनं दाराच्या फटीला तोंड लावून विचारलं.

"एकटाच. आणि अगदी मजेत आहे."

"मजेत असाल तर दाराला हात लावू नका."

"लावलेला नाही."

"मग मघापासून खडखडतंय काय?"

खडखड थांबली. मग जरा पडलेल्या आवाजात उत्तर आलं, "माझं हेल्मेट आहे. हातात धरलंय ना... ते थोडं हलतंय."

तिनं ओठ दाबले. ग्राहकाला हसायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. "मी वर मशीनरूममध्ये जाऊन केबिन लेव्हलला आणते. तोवर बोलत राहा, बरं वाटतं."

"कोणाशी बोलू?"

"हेल्मेटशी. तेही घाबरलंय ना."

मशीनरूममधून खाली येऊन तिनं खास किल्लीनं दार उघडलं, तेव्हा आतला माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता. केस हेल्मेटनं दाबून चपटे झालेले, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर एवढं ऐटबाज हसू की ते कुठून उसनं आणलं असावं असं वाटावं. तो बाहेर आला, जमिनीवर पाय घट्ट रोवून उभा राहिला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं... आणि जायचं विसरला.

"मोटरसायकल कोणती चालवता?" तिनं हेल्मेटकडे बोट केलं.

"चालवतोही आणि विकतोही. मावशीचं दुकान आहे, नव्या-जुन्या गाड्यांचं. का? घ्यायचीय?"

"हो. पहिलीच."

त्याच्या आवाजातला कंप क्षणात गेला. "मग उंची, वजन, रोजचा रस्ता, गर्दी, सगळं बघून—"

"आधी घाम पुसा," ती हत्यारांची पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "मग गिऱ्हाईक पटवा."

गाडी तिला हौसेखातर हवी होती, हे खरं. पण नुसत्या हौसेखातर नव्हे. तिच्या कंपनीत तातडीचं पथक होतं. कुणी अडकलं, कुठे लिफ्ट मध्येच थांबली की पहिलं पोचायचं ते याच पथकानं. त्यात एक जागा रिकामी झाली होती आणि तिनं ती मागितली होती. अट एकच, स्वतःची गाडी हवी. साहेबांनी मोठ्या मनानं वर सांगितलं होतं, "तुम्ही स्कूटर घेतलीत तरी चालेल. तुम्हाला सूट." त्या 'सूट' शब्दानं तिच्या डोक्यात जी ठिणगी पडली, ती विझायला तयार नव्हती. पथकातले सगळे दणदणीत मोटरसायकलींवर यायचे. तीही मोटरसायकलवरच जाणार होती. सोमवारी सकाळी गाडी दारात नसेल तर जागा दुसऱ्याची.

परवाना ताजा ताजा हातात आला होता. गाडी चालवण्याच्या वर्गातल्या म्हाताऱ्या मोटरसायकलीनं तिला तीनदा पाडलं होतं आणि एकदाच उत्तीर्ण केलं होतं.

शनिवारी ती त्याच्या मावशीच्या दुकानात गेली. बरोबर दादा. नको म्हणत असताना आलेला. धाकट्या बहिणीच्या प्रत्येक खरेदीत आपलं मत जमा झालंच पाहिजे, असा मोठ्या भावांचा एक अलिखित कायदा असतो.

"चिमणे, स्कूटर घे," तो दारातच म्हणाला. "पाय पुढे ठेवता येतात, पिशवी मध्ये ठेवता येते."

"आणि तोंड कुठे ठेवायचं?" ती म्हणाली. "पथकात सगळे हसतील तेव्हा?"

हेल्मेटवाला गल्ल्याजवळून उठून आला. आज हेल्मेट नव्हतं, केस विंचरलेले होते, आणि शर्टाला इस्त्री होती. त्या दुकानात शनिवारी इस्त्रीचा शर्ट ही काही रोजची गोष्ट नसावी, कारण त्याची मावशी चष्म्यावरून आळीपाळीनं शर्टाकडे आणि या पोरीकडे बघत होती. बाईंनी आयुष्यभर माणसं पारखून गाड्या विकल्या होत्या. कुणाचं लक्ष कुठे गुंतलंय, ते त्यांना लगेच कळलं.

ती सरळ जाऊन सगळ्यात मोठ्या काळ्या मोटरसायकलीसमोर उभी राहिली. "ही."

तो काही बोलणार, तेवढ्यात ती वर बसलीसुद्धा. पायांचे अंगठे जेमतेम टेकले.

"टाचा?" त्यानं हळूच विचारलं.

"टाचा लागतात कशाला?"

"सिग्नलला थांबायला."

"मी थांबणारच नाही."

"मग लिफ्टसारख्या अडकलात तर?"

"लिफ्टमध्ये कोण अडकलं होतं ते मी इथे सांगू का?"

तो कानापर्यंत लाल झाला. मावशीचा चष्मा नाकावरून आणखी खाली आला.

"मागे चल पोरी," मावशी म्हणाली. "आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे. पहिली गाडी घेणाऱ्याला आम्ही गाडी अशीच देत नाही. मागच्या अंगणात जुन्या गाद्यांवर आडवी घालतो. एकट्यानं उचललीस तर तुझी."

"हा कसला रिवाज?" दादा म्हणाला. "गिऱ्हाईक पळून जाईल."

"पळतात की. नवा माणूस पडतोच, हो. पडली तर उचलणार कोण, ते आधी ठरलेलं बरं."

अंगणात पावसाची बारीक भुरभुर होती. काळी गाडी गाद्यांवर झोपवली, गिअरमध्ये टाकली, म्हणजे घरंगळणार नाही. हेल्मेटवाल्यानं रीत दाखवली. गाडीकडे पाठ करायची, सीटला टेकून खाली बसायचं, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या कडीवर, आणि जोर पाठीचा नाही, पायांचा. मग लहान लहान पावलांनी मागे सरकायचं. दाखवताना त्याचा हात चुकून तिच्या हाताला लागला. दोघांनीही एकदम "सॉरी" म्हटलं, आणि मग दोघंही गाडीकडेच बघत राहिले.

तिनं जोर लावला. गाडी वीतभर उठली आणि परत गादीवर बसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा श्वास फुलला, केस कपाळाला चिकटले. दादानं तोंड उघडलं.

"बोलू नकोस," ती म्हणाली.

"मी कुठे—"

"विचारही करू नकोस."

चौथ्या वेळी गाडी उठली. वीतभर, हातभर... आणि मग अचानक हलकी होऊन उभी राहिली. दादानं टाळी वाजवली. ती मात्र हसली नाही. दिवसभर केबिन आणि त्यांच्या तोलाची वजनं हाताळणारी ती मुलगी, कुठे किती भार जातो हे तिच्या हातांना सवयीनं कळायचं. अर्ध्या वाटेत वजन कमी होत नसतं. कुणीतरी वाटून घेतलं की मगच होतं.

तिनं वळून पाहिलं. हेल्मेटवाला गाडीच्या मागे उभा होता आणि त्याच्या तळहातावर कडीचा ओला, काळपट वळ होता.

"हात दाखवा," ती म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं दाखवला.

"का?"

"तुम्ही इतका... म्हणजे थोडंसंच राहिलं होतं. मला बघवेना."

"ही गाडी अर्धी तुमच्या हातानं उठली. उद्या रस्त्यात पडली तर उरलेली अर्धी मी कुठून आणू?"

"मी येईन," तो पटकन बोलून गेला. "कुठेही पडलात तरी."

एखादी दुसरी असती तर त्या वाक्यावर विरघळली असती. ती जरा विरघळलीही, खोटं कशाला लिहा. पण वरचा थर अजून कडक होता.

"मी पडण्याची वाट बघणारा माणूस मला नकोय," असं म्हणून ती पिशवी उचलून निघाली. दादा तिच्या मागे धावला. मावशी भाच्याला एवढंच म्हणाली, "बाळ्या, गाडी विकायची होती की दया?"

रविवारी सकाळी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चकचकीत दुकानात गेली, एकटीच. तिथे तीच काळी गाडी होती, काचेच्या भिंतीमागे, दिव्यांच्या झोतात. विक्रेता अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्हाला फारच शोभेल. फक्त सही करा."

ती बसली. अंगठे टेकले. आरशात ती छान दिसत होती, अगदी पथकातली. सही करायची आणि निघायचं, एवढंच बाकी होतं.

"आडवी घाला," ती म्हणाली.

"अं?"

"गाडी. जमिनीवर आडवी घाला. मला उचलून बघायचीय."

विक्रेत्यानं आधी तिच्याकडे, मग फरशीकडे, मग आपल्या साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. "मॅडम, आमच्या गाड्या पडत नाहीत."

तिला हसू आलं, आणि हसता हसता तिची तिलाच गंमत वाटली. काल ज्या रिवाजापायी ती चिडून निघाली होती, तोच आज तिच्या तोंडातून बाहेर पडला होता. आरशातल्या त्या रुबाबदार बाईला तिनं आणखी एकदा पाहून घेतलं. गाडी त्या बाईला शोभत होती खरी. चालवायची मात्र हिला होती.

दुपारी ती मावशीच्या अंगणात हजर झाली. मागोमाग दादाही आला. त्याला घरी कुणी बांधून ठेवलं असतं तरी तो राहिला नसता. तिनं दुकानभर फिरून एका करड्या गाडीवर हात ठेवला. मध्यम अंगाची, जरा बुटकी, पावसाळी ढगाच्या रंगाची. कुणी वळून बघेल अशी नव्हे. ती बसली. दोन्ही टाचा पूर्ण टेकल्या. कमरेखाली गाडी अशी बसली, की जणू तिची वाटच बघत होती.

"ही घाला आडवी," ती म्हणाली. मग हेल्मेटवाल्याकडे वळली. तो कालपासून झोपला नसावा, शर्टाची इस्त्रीही गेलेली. "तुम्ही मागे नाही उभं राहायचं. माझ्यासमोर उभे राहा. मला दिसाल असे."

तो समोर उभा राहिला. तिनं गाडीकडे पाठ केली, खाली बसली, हँडल धरलं, कडी धरली. पायांनी जोर लावला. गाडी उठली. हातभर उठली... आणि ओल्या गादीवर तिचा बूट सटकला. सगळं वजन एकदम तिच्या मांड्यांवर आलं. दादा "अगं" म्हणाला.

समोरच्यानं एक पाऊल टाकलं. आणि तिथेच थांबला. त्यानं स्वतःचा एक हात दुसऱ्या हातानं असा आवळून धरला, की बोटं पांढरी पडली. चेहरा पाहिला तर गाडी त्याच्याच अंगावर पडतेय असं वाटावं. पण दुसरं पाऊल पुढे आलं नाही.

तिनं त्या हातांकडे पाहिलं. बूट पुन्हा रोवला. एक पाऊल मागे, आणखी एक, आणखी एक... आणि करडी गाडी सरळ उभी राहिली. स्टँड खटकन लागला.

मावशीनं चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ.

"आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं," हेल्मेटवाला शेवटी म्हणाला.

"उचलली मी," ती धापा टाकत म्हणाली.

"तेच सांगतोय. मी नाही उचलली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात त्याच्या नावावर आजवर जे जे जमा होतं—हलणारं हेल्मेट, लाल कान, इस्त्रीचा शर्ट—त्या सगळ्यापेक्षा हे न टाकलेलं दुसरं पाऊल मोठं निघालं.

सह्या झाल्या, किल्ली हातात आली. दादानं हात पुढे केला. "दे, चिमणे. रस्त्यावर गर्दी आहे, घरापर्यंत मी नेतो."

"दादा, तू बसनं ये."

"अगं पण—"

"आणि पोचलास की आईला सांग, दार उघडं ठेव म्हणावं. गाडी आत आणायचीय." दादा तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघाला खरा, पण कोपऱ्यावर वळताना त्याची मान नेहमीपेक्षा ताठ होती. अशी बहीण आपली आहे, हे रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक असल्यासारखी.

तिनं गाडी सुरू केली. फाटकातच ती बंद पडली. तिनं परत सुरू केली.

"मी येऊ का?" हेल्मेटवाला आपल्या गाडीवर बसून विचारत होता. "मागे मागे. लांबून. मदतीला नाही हं."

"मग कशाला?"

"असंच... तुम्हाला जाताना बघायला."

"मागून बघणारा नको," ती म्हणाली. "शेजारून चालवणारा असेल तर विचार करीन."

दोघं निघाली. पहिल्या चौकात लाल दिवा लागला. ती थांबली, दोन्ही टाचा जमिनीवर, पाठ सरळ. शेजारी तो येऊन थांबला. भुरभुर पाऊस दोघांच्या हेल्मेटांवर टपटपत होता. मागे रिक्षा, बस, मोटारी, सगळ्यांना घाई. यांना मात्र कसलीच घाई नव्हती.

त्यानं काच वर केली. "तुम्ही मला फार आवडता."

"इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही."

"आलंय तुम्हाला."

"आलंय," ती म्हणाली. "पण परत म्हणा."

दिवा हिरवा झाला. मागून भोंगे सुरू झाले. त्यानं सगळा घसा पणाला लावून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा ते शेजारच्या बसमधल्या लोकांनीही ऐकलं, आणि खिडकीतल्या एका आजींनी चांगली मान डोलावली.

तिनं क्लच अलगद सोडला. गाडी एकही गचका न देता निघाली, त्याच्या पुढे, चौक ओलांडून, ओल्या रस्त्यावर. दोन्ही हात हँडलवर गुंतलेले होते, म्हणून उत्तर तिनं मान हलवून दिलं. डोक्यावर हेल्मेट असल्यामुळे तो होकार जरा जास्तच मोठा दिसला, आणि तो तसाच दिसावा, अशीच तिची इच्छा होती.