परसातल्या काचा

भिकाजी मयेकरांनी दोनदा बसायला सांगितलं, तरी आत्माराम नागवेकर उभाच राहिला.

"माझ्या आयेला माझ्याच बायकोनं मारलान्," तो म्हणाला. "उद्या पोलिसांत जातोय. त्याआधी पुरावा पायजे."

मयेकर सरकारी औषध निरीक्षक होते. निवृत्तीनंतर, १९८४ साली, त्यांनी रत्नागिरीत खाजगी तपासाची पाटी लावली. सोबतीला मित्र काशीराम शिर्के. काशीरामांना निष्कर्षाची भारी घाई.

आत्माराम मुंबईला गोदीत कामाला होता. त्याची आई गोदूबाई पाय मोडल्यापासून दोन वर्षं माजघरातच निजून. उन्हाचं दर्शन नाही, हाडं दुखू लागली. डॉक्टरांनी डी जीवनसत्त्वाच्या कुप्या सांगितल्या, महिन्याला एक, दुधातून.

"मला रजा मिळत नव्हती. पण गावाकडं येणारा एक माणूस सोडला नाही. प्रत्येकाच्या हाती सहा कुप्यांची पेटी धाडली. पत्रात दर खेपेला विचारायचो, संपलं काय म्हणून."

सिव्हिल हॉस्पिटलच्या शवविच्छेदन अहवालात विषाचा पत्ता नव्हता. मूत्रपिंडं निकामी, आत चुन्यासारखा थर, एवढंच.

"पानातला चुना!" काशीराम उसळले.

"तसं असतं तर अर्धं कोकण गेलं असतं," मयेकर म्हणाले.

भाट्ये गावात नागवेकरांच्या घरी शेजारीण हौसा तयारच होती.

"दूध रोज ही सूनच द्यायची वो. आणि बारावं झाल्यावर परसात खड्डा खणलान्, काचा पुरल्यान्. मी डोळ्यांनी बघितलंय."

"गोदूबाई शेवटी कशा होत्या?"

"पाणी पाणी करायची. तांब्या पुरत नव्हता. अन्न नको, पोट साफ नाय, बोलायची पण भलतंच."

आत्मारामची बायको विमला पडवीत तांदूळ निवडत होती. "दूध मीच द्यायची," एवढंच ती म्हणाली.

"सिव्हिलचे डॉक्टर तुमच्याशी बोलले?"

तिचे हात थांबले. "बोलले. गेलेल्या माणसाचं आता काय उकरायचं?"

काशीरामांनी मात्र परस उकरलं. शंभराच्या आसपास फुटक्या कुप्या निघाल्या.

"विष कुणीच दिलेलं नाही," मयेकरांनी पडवीत सगळ्यांना सांगितलं. "नावाला जीवनसत्त्व, पण शरीरात त्याचं संप्रेरक होतं. ते आतड्याच्या पेशींच्या गाभ्यात शिरून जनुकांना कामाला लावतं. मग पेशी कॅल्शियम वाहणारी प्रथिनं बनवतात. गोदीत मुकादमानं हाक दिली की हमाल भिडतात, तसं. आता रोज एक कुपी, म्हणजे रोज नवा मुकादम आला तर? कॅल्शियमचा माल आतड्यातून येतच राहतो, हाडांतूनही निघतो. रक्तात मावेना की मूत्रपिंडात साचतो. ती तहान, तो भ्रम, सगळं त्याचंच."

"पण महिन्याला एकच कुपी सांगितली होती!" आत्माराम म्हणाला.

"पेट्या किती धाडल्यात?"

"सोळा... सतरा." त्याचा आवाज खाली गेला.

"लेकानं धाडलेलं वाया कसं घालवायचं? त्यात तुमचं पत्र, संपलं काय. माउली संपवत होती."

विमला पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "कितीदा अडवलं. म्हणायच्या, माझ्या लेकाची माया तुला का गं सलते? मग मीच दुधात घालून द्यायला लागले. औषधच तर आहे, म्हटलं."

"आणि काचा?" काशीरामांनी विचारलं.

"गुन्हेगारानं त्या आधीच नाहीशा केल्या असत्या," मयेकर म्हणाले. "यांनी पुरल्या बाराव्यानंतर. तोवर डॉक्टरांकडून खरं कळलं होतं, आणि नवऱ्याला ते कळायला नको होतं. म्हणून खुनाचा आळ मुकाट्यानं अंगावर घेतला."

आत्माराम जोत्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

विमला त्याच्याजवळ गेली नाही. ती मयेकरांसमोर उभी राहिली.

"मी निर्दोष आहे, हे मला ठाऊक होतं. पोलिसांना काही सापडलं नसतं, लोक वर्षभर बोलून गप्प झाले असते. ह्यांना माझा राग तरी करता येत होता. आता हे कुणाचा राग करतील?"

मयेकरांनी आयुष्यभर औषधांतली भेसळ शोधली होती. खरं बोलल्याचा पश्चात्ताप त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा झाला.