धरलेली जागा

बॅगा नंतर भरा. तो वजनकाटा ठेव बाजूला आणि दार लोटून घे. तुझ्या आईने ऐकलं तर निघायच्या तोंडावर पोरांना घाबरवतो म्हणून मलाच बोलणी बसतील. परवा सातजण बेटावर निघालात. तीन आठवडे या घरात दुसरा विषय नाही. कोणती टोपी, कोणता चष्मा, पाण्याखाली चालणारा कॅमेरा कोणाच्या मित्राकडे आहे. मी मघाशी साधं विचारलं की बोटीत चढताना सगळे आले की नाही हे कोण बघणार, तर ही धाकटी म्हणते, "काका, आम्ही काय शाळेची सहल आहोत का? मोजू की."

मोजू की. त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं, म्हणून सांगतोय. नाहीतर ही गोष्ट मी रात्रीची काढत नाही.

सत्तावीस वर्षं मी त्या सहलींच्या कंपनीत काढली. लोक परदेशातल्या बेटांवर जायचे आणि मी तळमजल्यावरच्या ऑफिसात बसून त्यांच्या याद्या करायचो. कोण कोणाच्या खोलीत, कोणाला खिडकी हवी, कोणाला जिना चढवत नाही. स्वतः एकदाही गेलो नाही. माझ्या खुर्चीमागे निळ्या पाण्याचं एक मोठं पोस्टर होतं, पण त्याच्याकडेही माझी पाठ. आलेले लोक माझ्याशी बोलताना माझ्या डोक्यावरून ते पोस्टर बघत बसायचे, आणि त्याचाही मला राग यायचा.

सहली घेऊन जायचा तो मॉनिटर. हे नाव आम्ही ठेवलेलं. साठी उलटलेल्या माणसांनाही तो वर्गातल्या पोरांसारखा रांगेत उभं करायचा. माणूस चोख, फक्त एका गोष्टीचा त्याला गर्व होता. कंपनीचा नियम असा, की बस सुटताना, बोट सुटताना यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचायचं. हा वाचायचा नाही. म्हणायचा, "नावं वाचायला पाच मिनिटं लागतात, डोकी मोजायला वीस सेकंद." पेनाचं टोक हवेत नाचवत मोजायचा. चौदा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला पहिला सोमवार. संध्याकाळी पाच वाजता तो नेहमीसारखा माझ्या टेबलाशी यादी आणि फॉर्म न्यायला आला. सहल संपताना लोकांकडून भरून घ्यायचे ते अभिप्रायाचे फॉर्म. त्यांच्यावर मी हाताने क्रमांक घालून द्यायचो, कारण पूर्वी एका महाभागाने हॉटेलात बसून सगळे फॉर्म स्वतःच भरून आणले होते आणि प्रत्येकात स्वतःची तारीफ केली होती. तर अठ्ठावीस नावं, अठ्ठावीस फॉर्म. त्यांच्याखेरीज यादीत एक नाव लाल पेनाने खोडलेलं होतं.

"हे काय?"

"रद्द."

"बरं," म्हणाला आणि गेला.

ते नाव एका बाईचं होतं. दोन बहिणी एकत्र राहायच्या. थोरली नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. धाकटी घरी कपडे शिवायची. धाकटीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नाव नोंदवायला दोघी आल्या तेव्हा तिने माझ्यामागचं पोस्टर बघून विचारलं, "पाणी खरंच असं दिसतं का हो?" मी म्हटलं, "मला काय विचारता बाई, मी कुठे गेलोय." ती हसली. फॉर्म तिने स्वतःच भरला, टपोऱ्या अक्षरात, मापं लिहून घ्यावीत तसा.

निघायला आठ दिवस राहिले असताना ती शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या गेली. चौथ्या दिवशी थोरली ऑफिसात आली. रडली नाही. म्हणाली, "मी जाणार आहे. तिचं नाव तेवढं यादीत राहू द्या. नुसतं राहू द्या, तुमचं काय जातं?" माझ्यासमोर तेव्हा फोन वाजतोय, दोघांचे पासपोर्ट अडकलेत, साहेब आतून हाका मारतायत. मी म्हटलं, "ताई, नियमात बसत नाही." आणि तिच्यादेखत लाल पेन ओढलं. दोनदा ओढलं. एकदा पुरलं असतं, हे मला आजही खटकतं.

सहल मंगळवारी निघाली. गुरुवारी रात्री सव्वाअकराला त्याचा मला घरी फोन.

"यादी नीट केली होतीस ना?"

"का? खोल्या कमी पडल्या?"

"खोल्या बरोबर आहेत. नाश्त्याच्या ताटल्या बरोबर आहेत. बसमध्ये मोजलं की एकोणतीस येतात."

"ड्रायव्हर धरत असशील."

"चौदा वर्षं काय भाजी विकत होतो का मी?" तो इतका वैतागला होता की त्याचा आवाज चिरकत होता. "तीन दिवस झाले. पुढून मोजलं, मागून मोजलं. प्रत्येक चेहरा ओळखीचा. एकही परका नाही. आणि बेरीज एकोणतीस. त्यात ती नर्सबाई शेजारच्या सीटवर निळ्या काठाचा रुमाल टाकून बसते. कोणासाठी विचारलं तर म्हणते, जागा धरलीय. ती रिकामी जागा मी मोजतच नाही."

"मग?"

"मग एकोणतीस येतात."

मी झोपेत होतो. पटकन बोलून गेलो, "ती गळालेली बाई धरली तर होतात बघ एकोणतीस."

"गळाली म्हणजे?"

मी सांगितलं. पलीकडून नुसता समुद्राचा आवाज. मग म्हणाला, "ठीक आहे. मी एक वजा करत जातो." आणि फोन ठेवला.

हसू नका. माणूस असाच असतो. हिशेब जुळत नसला की तो नवा नियम काढतो आणि शांत झोपतो. शुक्रवारी त्याने तसंच केलं. एकोणतीस आले की बस सोडायची. एकोणतीस म्हणजे सगळे आले.

आता पुढचं मला त्याने स्वतः सांगितलं. दोन बैठकांत. पहिल्या वेळी त्याला पुरं करता आलं नाही.

शनिवार, सहलीचा शेवटचा दिवस. त्या मोठ्या बेटापासून बोटीने पाऊण तासावर समुद्रात पांढऱ्या वाळूचा एक पट्टा आहे. त्यावर घर नाही, झाड नाही, मधोमध फक्त एक लाकडी खांब. ओहोटीला पट्टा वर येतो, भरतीला पाण्याखाली जातो. सूर्यास्त बघायला सगळ्यांना तिथे नेतात. त्या दिवशी भरती साडेआठला होती. बोटवाल्याने बजावलं होतं की साडेसहानंतर एक मिनिट थांबणार नाही.

आणि आपली माणसं निघतात होय? एकाला शेवटचा फोटो काढायचा. तो झाला की दुसऱ्याला पहिल्यासारखाच काढायचा. कोणाची टोपी उडाली, कोणाला शिंपले हवेत. मॉनिटरने ओरडून ओरडून हात टेकले. सहा चाळीसला एकदाची सगळी बोटीत चढली. अंधारायला लागलं होतं. प्रत्येकाच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, वाऱ्यामुळे डोक्याला ओढण्या, रुमाल, टोप्या. त्याने पेन काढलं, मोजलं.

अठ्ठावीस.

पुन्हा मोजलं. अठ्ठावीस. बोटवाल्यानेही त्याच्या पद्धतीने मोजलं आणि अंगठा वर केला. मॉनिटरचा जीव भांड्यात पडला. पाच दिवसांत पहिल्यांदा बेरीज यादीशी जुळली होती. त्याने बोट सोडायला सांगितली, आणि पुढच्या बाकावर एकीच्या शेजारी जागा होती तिथे अंग टाकलं. शेजारणीला म्हणाला, "बसलात ना नीट?" ती समुद्राकडे तोंड करून होती. बोलली नाही. दमली असेल, त्याला वाटलं.

बोट निघाली. कोणीतरी बिस्किटांचा पुडा फिरवला. मागे कोणी गाणं म्हणायला लागलं. पट्टा दिसेनासा झाला. वीसेक मिनिटं गेली असतील. तो मजेत होता. घरी गेल्यावर याला सांगेन, म्हणजे मला, की तुझी एकोणतिसावी बाई शेवटी उतरली एकदाची.

उतरली...

त्याच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

कुठे उतरली? आणि ती उतरली नसेल तर?

ती बोटीत असेल तर... एक वजा करायचा. रोज करत होता तसा.

सत्तावीस.

तो उठला. गाणं थांबवायला सांगितलं. खिशातून यादी काढली आणि मोबाइलच्या उजेडात चौदा वर्षांत पहिल्यांदा एकेक नाव वाचलं. लोक वैतागले. "आत्ता कशाला?" तरी "हो" म्हणत गेले. हो. हो. आहे. हो. सव्वीस झाले. सत्तावीस झाले.

शेवटचं नाव नर्सबाईंचं.

कोणी बोललं नाही.

पुन्हा वाचलं. इंजिनाचा आवाज. पाणी.

"त्या तुमच्या शेजारीच आहेत ना?" मागून कोणीतरी म्हणालं.

त्याने उजेड शेजारी वळवला...

लाइफ जॅकेट बसलं होतं. ताठ. तिन्ही पट्टे लावलेले, घट्ट आवळलेले, आत कोणी असल्यासारखे. आत कोणी नव्हतं. बाकावर, जॅकेटच्या खाली, निळ्या काठाचा रुमाल.



मग तो बोटवाल्यावर ओरडला. परत फिरव. बोटवाला मान हलवतोय, बोटं दाखवतोय, अठ्ठावीस झाले, मी मोजले. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची येत नाही. घड्याळात सात वाजून पाच. पट्टा बुडायला लागलेला. तासाभरात तिथे माणूस बुडेल एवढं पाणी. शेवटी याने सुकाणू धरलेला त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. बोट फिरली.

परतीची ती वीस मिनिटं त्याने मला कधी सांगितली नाहीत. एवढंच म्हणाला की शेजारच्या बाकाकडे त्याने बघितलं नाही.

साडेसातला टॉर्चच्या उजेडात आधी खांब दिसला. वाळू कुठेच नव्हती. खांबाला धरून ती उभी होती. पाणी कमरेच्या वर. दुसऱ्या हातात चपला, डोक्याच्या वर धरलेल्या. दोघातिघांनी तिला ओढून वर घेतलं. ती थरथरत होती, पण घाबरलेली दिसत नव्हती. मॉनिटरला बघून उलट रागावली.

"किती उशीर केलात. चपला पार पलीकडच्या टोकाला राहिल्या होत्या माझ्या. म्हणून तिला पुढे पाठवलं, म्हटलं जाऊन जागा धर. पाण्याला भिते ती. तुमच्या शेजारी बस म्हटलं, म्हणजे तुम्हाला मोजायलाही बरं. नीट आली ना?"

त्याने शेजारच्या बाकाकडे बघितलं. जॅकेट आता बाकावर आडवं पडलं होतं, तिन्ही पट्टे सुटलेले. बाईंनी रुमाल उचलून झटकला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

बघा, मी काही सांगत नाही की त्या गेलेल्या धाकटीने बहिणीला बुडवायला घातलं होतं की वाचवलं. मॉनिटरला विचारलं तर तो म्हणतो, तिने सांगितलं तेवढं केलं, जागा धरली. चूक मोजणाऱ्याची. आणि ज्याने नाव खोडलं त्याची, हे तो म्हणत नाही. ते मी म्हणतो. राग येतो तो त्याचाच, की एक नाव कागदावर राहू दिलं असतं तर शनिवारी अठ्ठावीस आले की एक कमी आहे हे त्याला तिथेच कळलं असतं. मला तेव्हा नियम आठवला.

मॉनिटरने पुढच्याच महिन्यात सहली सोडल्या. आता तो मुलाच्या दुकानात बसतो. पण घरातल्या चौघांनासुद्धा जेवायला बोलावताना एकेकाचं नाव घेतो, सून हसते त्याला.

तुम्हीही परवा तेच करायचं. सातही नावं, मोठ्याने, प्रत्येक वेळी. पाच मिनिटं वाचवू नका.

काय? तिचं नाव? माहीत आहे मला. रात्री नको विचारूस.

ते वरचं कपाट उघड. पिवळा लिफाफा आहे, तो दे. सहल आल्यावर मॉनिटरने हा माझ्या टेबलावर ठेवला. शनिवारी रात्री हॉटेलात गोळा केलेले फॉर्म, त्याने मोजलेसुद्धा नव्हते. मी मोजले. एक ते अठ्ठावीस क्रमांक बरोबर होते. जेवण थंड, उशी कडक, बसमध्ये एसी जास्त, नेहमीचं रडगाणं.

त्यांच्याखाली आणखी एक होता. हा बघ. क्रमांक नाही, कारण मी दिलाच नव्हता. नावाच्या जागी मी खोडलेलं नाव. आणि हा तिने नोंदणीच्या वेळी माझ्यासमोर भरलेला जुना फॉर्म, अक्षर शेजारी धरून बघा.

"काय आवडलं" यात लिहिलंय, पाणी. खाली तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ आहे. माझा चष्मा आत आहे, तूच वाच.

"पाच दिवस रोज मोजलं. नाव एकदाही घेतलं नाही."