क्लीनरच्या बाजूचं दार

जेवणं उरकून दोघी भाच्या आणि थोरलीचा नवा नवरा गच्चीवर पसरले, तसा मामांनी दिवा मालवला.

"मी ज्याची गोष्ट सांगतोय, त्याच्या शेजारी अठरा वर्षं माझं गॅरेज होतं. तेव्हा जावईबापू, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलेलं मला खपत नाही."

जावई मनापासून हसला. मामांनी त्याचं पुरतं होऊ दिलं आणि मग सुरुवात केली.

तो गाड्यांचा वायरमन. गळ्यात कायम टेस्टिंगचा दिवा, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत. संशयी असा की बायकोने दूध नासलंय म्हटलं तरी हा स्वतः वास घेऊन बघणार. त्याचा मेहुणा एका ट्रकवर ड्रायव्हर होता, टेस्टरच्याच शब्दावर लागलेला. ट्रक जुना, नुकताच विकत घेतलेला. रोज सकाळी बॅटरी उतरलेली. स्टार्टरचा सेल मारला की नुसतं टक्, टक्. नवी बॅटरी टाकली, तरी तेच.

"हाच रात्री केबिनमध्ये दिवा लावून लोळतो," मालक म्हणाला. "उद्या गाडी चालू झाली नाही, तर याने कायमचं घरी बसावं."

मेहुणा रडकुंडीला आला. "दाजी, आईशपथ, मी गाडीत झोपत नाही. आणि एक सांगू? गाडी मागे घेताना क्लीनरच्या बाजूने पत्र्यावर थापा पडतात. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. माझ्या गाडीवर क्लीनरच नाहीये!"

"किती घेतोस रे रात्रीची?" टेस्टर म्हणाला.

तो मंगळवार होता. रात्री अकरा चाळीसला टेस्टरने आपली व्हॅन ट्रकच्या शेडबाहेर लावली, आत जाऊन शटरला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. चोर पकडायचा तर पक्का पकडायचा.

त्याची पद्धत सोपी. बॅटरीची एक वायर सोडायची आणि मध्ये आपला दिवा जोडायचा. गाडी बंद असताना दिवा पेटला, म्हणजे कुठेतरी करंट जातोय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला दिवा विझेल, तिथे चोर.

दिवा पेटला. हॉर्नचा फ्यूज काढला, पेटलेलाच. वायपरचा, हेडलाइटचा... पेटलेलाच. केबिनच्या दिव्याचा काढला, आणि विझला.

"सापडलास," टेस्टर पुटपुटला. केबिनचा दिवा दार उघडलं की लागतो. कुठलंतरी दार नीट बसत नसणार. दोन्ही दारं त्याने ओढून बघितली. घट्ट. मोबाइलच्या उजेडात वर बघितलं, तर केबिनच्या दिव्यात बल्बच नव्हता.

बल्ब नाही... मग करंट पितंय कोण?

मेहुण्याने काहीतरी चोरून जोडलंय, दुसरं काय! त्याने फ्यूज परत घातला, खाली उतरला. दिवा पेटला.

विझला.

पेटला.

कुणीतरी दार लावावं आणि उघडावं, तसा. आणि पलीकडून, क्लीनरच्या बाजूने, कडी वाजली. खट्ट.

टेस्टरचं डोकंच फिरलं. म्हणजे हा आधीपासून आत लपलाय तर! "बस झाली नाटकं!" तो ओरडला. "उतर खाली! चल माझ्याबरोबर घरी, तिथे बघतो तुला!"



तेवढ्यात फोन वाजला. बायको. "अहो, कधी येताय? भाऊ इथेच येऊन झोपलाय. दहापासून घोरतोय नुसता. थांबा, ऐकवते."

फोनमधून मेहुण्याचं घोरणं आलं. संथ. जाडंभरडं.

टेस्टरच्या हातातला पाना खाली पडला.

ट्रकच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. केबिन जराशी वर उचलली गेली... कुणाचं वजन उतरावं, तशी.

दिवा विझला. पुन्हा पेटला नाही.

त्याने बॅटरीची वायर परत कशी आवळली, शटर कसं उघडलं, त्यालाच ठाऊक. व्हॅनमध्ये बसला. गल्ली अरुंद, गाडी मागे घ्यायला हवी. रिव्हर्स टाकला...

पत्र्यावर थाप पडली. डावीकडून. आणखी एक.

येऊ दे.

सकाळी ट्रक पहिल्या सेलला चालू झाला. मालकाने विचारलं, काय होतं? मेहुणा जीव मुठीत धरून दाजीकडे बघत होता. "दाराचा स्विच," टेस्टर म्हणाला. मेहुण्याची नोकरी वाचली. त्या ट्रकची बॅटरी पुन्हा कधी उतरली नाही.

मामा थांबले. जावई आता सरकून भिंतीला टेकून बसला होता.

"आणि व्हॅन?" धाकटीने हळूच विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून तिची बॅटरी उतरायला लागली. तीन दिवस त्याने सोसलं. चौथ्या रात्री बॅटरीच काढली आणि घरात आणून पलंगाखाली ठेवली. मला म्हणाला, आज तू इथेच थांब. मी थांबलो."

"मग?"

"पहाटे तीनला खिडकीतून बघितलं. क्लीनरच्या बाजूचं दार उघडं होतं... आणि आत दिवा लागलेला."